‘ऊठ आता’ आणि ‘ऊटा आता?’

आठ वर्षांची असताना मी माझ्या सख्ख्या भावाचा जीव घालवायला निघाले होते. हत्यार म्हणाल तर माझा स्वतःचा कान. त्या कानाचा मला तेव्हा फार गर्व. कविता एकदा ऐकली की पाठ, असा माझा लौकिक होता, आणि आईनं तो शेजारीपाजारी इतका पसरवला होता की मलाही तो खरा वाटायला लागला होता. दोन वेण्या, वर लाल रिबिनी, आणि दोन वेण्यांच्या मध्ये केवढा तो ताठा! आज ती कार्टी समोर आली तर मी आधी तिची एक वेणी ओढीन आणि मग विचारीन, "बाई गं, तुला काय ऐकू आलं ते नको सांगूस. समोरची काय म्हणाली ते सांग."

भाऊ वाचला. त्याचं नाव विनू. आता सत्तरीला टेकलाय, कोल्हापुरात राहतो, आणि नुकताच मोतीबिंदू काढायला माझ्याकडं जयनगरला येऊन गेला. तो आला नसता, आणि आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी आन्ना आपली बरणी घेऊन जिना उतरली नसती, तर ही गोष्ट माझ्याबरोबरच गेली असती. आईनं तशी शपथ घातली होती मला. विनूला सांगायचं नाही.

आधी आन्नाचं सांगते, नाहीतर बरणी कुठून आली ते कळायचं नाही.

आन्ना पोलंडची. इथल्या एका कंपनीत कसलंसं कंप्युटरचं काम करते. तिच्या बरोबरीची सगळी पोरं इंदिरानगरला राहतात, हिला मात्र आमच्या गल्लीतली झाडं आवडली. माझं इंग्रजी स्वल्प, तिचं कन्नड त्याहून स्वल्प, तरी आमच्या गप्पा संपत नाहीत. आली त्याच आठवड्यात तिनं मला मोठ्या कुतूहलानं विचारलं होतं, "अज्जी, या शहरात सगळ्यांना माझं नाव कसं ठाऊक?" बेंगळूरला रिक्षावाला अण्णा, फुलवाला अण्णा, डोसेवालाही अण्णाच. हिला वाटायचं सगळे हिलाच हाका मारतायत. मी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "आम्ही नवीन माणसाची आधी चौकशी करून ठेवतो." मग काय, बिचारी प्रत्येक हाकेला वळून गोड हसायची. एकदा चौथ्या ब्लॉकच्या बाजारात मागून कुणीतरी ओरडलं, "अण्णा, स्वल्प सरीरी!" म्हणजे जरा सरका. ही सरकली, आणि हिच्या बाजूचा एक मिशाळ गृहस्थही सरकला, आणि दोघं टोमॅटोच्या ढिगावर. त्यानंतर माझ्याशी अबोला. मग स्वतःच खसखशीचं सारण भरलेला गोड पाव घेऊन आली आणि म्हणाली, "अज्जी, तुम्ही वाईट बाई आहात."

मी म्हटलं, "वयानं बरीच सुधारलेय."

तर या उन्हाळ्यात ती घरी जाऊन आली. तिची आजी गेली होती, घर रिकामं करायचं होतं. बहिणीनं कपाट घेतलं, कुणी घड्याळ घेतलं, हिनं फक्त एक बरणी आणली. पांढरी, चिनी मातीची, खांद्यावर निळी वेलबुट्टी आणि पोटावर निळी अक्षरं. मी विचारलं, "काय लिहिलंय गं?" म्हणाली, "मीठ. जर्मनमध्ये." झाकण उघडलं तर आत साखर.

"आमच्या घरी हिच्यात नेहमी साखरच असते," आन्ना म्हणाली. "पणजीनं ठरवलं तसं. तिला ते नाव पुसायचंही नव्हतं आणि त्याचं ऐकायचंही नव्हतं."

बरणी पणजीच्या शेजारणीची. आन्नाचा मुलूख सरहद्दीवरचा. पणजी लहान होती तेव्हा तिथं राज्य जर्मनांचं, शेतावर राबणारे बहुतेक पोलिश, आणि चौकातली दुकानं ज्यू लोकांची. गावाला तीन नावं. शुक्रवारी संध्याकाळी काही खिडक्यांत मेणबत्त्या लागायच्या. रविवारी दोन चर्चच्या दोन घंटा, एक जर्मनांची आणि एक पोलिशांची, एकमेकींवर आवाज चढवायच्या. चौकात एक बटणवाला होता. त्याच्या दुकानात भिंतभर छोटे छोटे खण, आणि समोर जे गिऱ्हाईक येईल त्याच्या भाषेत तो बटणं मोजून द्यायचा. पोरं मुद्दाम भलत्याच भाषेत मागायची, तर तोही त्याच भाषेत मोजायचा, न हसता. मग सरहद्दीची रेघ सरकली. पुन्हा सरकली. कोण कुणाच्या राज्यात झोपला आणि कुणाच्या राज्यात उठला, हे उठल्यावर कळायचं. दुसरं मोठं युद्ध संपताना जर्मनांना तिथून पळावं लागलं, तेव्हा पणजीची जर्मन शेजारीण हातगाडीवर गाद्या लादून निघाली. जाताजाता कुंपणावरून ही बरणी दिली आणि म्हणाली, "ठेव, मी येईपर्यंत."

"आणि बटणवाला?" मी विचारलं.

आन्नानं बरणीचं झाकण पुन्हा लावलं. मग म्हणाली, "तो त्याच्या कितीतरी आधी. युद्धाच्या पहिल्याच हिवाळ्यात. एका सकाळी सगळ्या ज्यूंची घरं नुसती उघडी होती. आत कुणी नव्हतं. आजी तेव्हा लहान होती. त्याच्याबद्दल विचारलं की ती उठून धुतलेल्या कपबशा परत धुवायची."

आमच्या मराठी-कानडी सरहद्दीचं दुःख मी या गोष्टीच्या शेजारी मांडणार नाही. आमच्याकडं पाट्या बदलल्या, शाळा बदलल्या, डोकी फुटली, पण गल्लीच्या गल्ली एका सकाळी रिकामी झाली नाही. तरीसुद्धा ती बरणी माझ्या ओट्यावर होती तेवढा वेळ मला जोंधळ्याच्या पिठाचा वास येत होता. बरणीला कसला येणार? तो माझ्याच नाकात कुठंतरी बसलेला होता, उठून आला.

सरहद्दीवरच्या आमच्या लहानपणीच्या गावालाही तीन नावं होती. मराठी माणूस एक म्हणायचा, कन्नड माणूस शेवटचं अक्षर ओढून दुसरं म्हणायचा, आणि मुसलमान मोहल्ल्यात त्या नावाचा मधलाच एक तुकडा खाऊन टाकायचे. मी नाव मुद्दाम सांगत नाही. सांगितलं की तिघांपैकी कुणीतरी ‘ते नाव तसं नव्हेच’ म्हणून भांडायला येईल, आणि माझे गुडघे आता भांडायच्या कामाचे राहिलेले नाहीत.

बाबा तिथल्या मराठी शाळेचे हेडमास्तर म्हणून गेले. आम्ही साताऱ्याकडची माणसं, कानडीचा गंध नाही. दोन खोल्यांचं भाड्याचं बिऱ्हाड, आणि पलीकडच्या भिंतीला अव्वाचं घर. अव्वा म्हणजे आई. सगळं गावच तिला अव्वा म्हणायचं. कपाळभर विभूती, इरकल लुगडं, आणि पहाटेपासून भाकरी थापल्याचा आवाज. तो आवाज मला अजून झोपेत येतो. आमच्या आईची भाकरी थापताना ‘थप… थप’ असा विचार करत करत आवाज यायचा; अव्वाच्या घरी दोघी-तिघी बसायच्या, पत्र्यावर सर यावी तसा तो ताल. तिची रोटी इतकी पातळ की तिच्यातून सूर्य बघता यावा. त्या कडक रोट्यांच्या चवडी शिंक्यात टांगलेल्या असायच्या, वाऱ्यानं एकमेकींवर घासून करकरायच्या. खाली मांजर मान वर करून बसलेलं.

पहाट झाली की मठातली घंटा, मशिदीतली बांग आणि तेलघाण्याची करकर एकामागून एक यायची. घाण्याचा बैल सगळ्यांत आधी उठायचा, पण त्याला कुणी श्रेय देत नव्हतं. संक्रांतीला अव्वाकडून तीळ आणि गूळ वेगवेगळ्या वाट्यांत यायचा, आमच्याकडून लाडू जायचे. ‘ह्यांना लाडू वळायचा कंटाळा’ असं आमची आई म्हणायची, आणि अव्वा बहुधा म्हणत असेल, ‘ह्या आयतं चावून देतात.’ मोहरमच्या दिवसांत लिंगायतांची, मराठ्यांची पोरं अंगाला पट्टे रंगवून वाघ होऊन नाचायची आणि मोहल्ल्यातून चोंगे, म्हणजे गुळाच्या गोड रोट्या, यायचे. मी चोंगे घरी न सांगता खायचे. घरी कुणी विचारतही नव्हतं, हनुवटीवरचा गूळ बघून.

आणि बूबू. बूबू बांगड्या भरायला यायची. काचेच्या बांगड्यांची टोपली डोक्यावर, तोंडात पान, आवाज सायकलच्या घंटीसारखा. सगळ्या गल्लीचे हात तिच्या ओळखीचे. कुणाचा सांधा आडवा येतो, कुणाचा अंगठा दाबला की आत वळतो, तिला पाठ. ज्या घरात बसायची त्या घराच्या भाषेत बांगड्या मोजायची. अव्वाकडं ‘ओंदु, एरडु’, आमच्याकडं ‘एक, दोन’, आणि फुटली की मात्र शिवी स्वतःच्या भाषेत. आन्नानं बटणवाल्याचं सांगितलं तेव्हा माझ्या मनगटावर बूबूचा हात आला. थंडगार, साबणानं निसरडा.

तर त्या गावात, आम्हाला जाऊन दोन-चार महिनेच झाले असतील, विनू जन्मला. आईला ताप भरला तो उतरेना. दूध आलंच नाही. गाईचं दूध पाणी घालून पाजलं तर विनू ते सगळं बाहेर टाकायचा. अव्वानं भिंतीपलीकडून एक दिवस रडणं ऐकलं, दुसऱ्या दिवशी ऐकलं, आणि मग विचारायला न येता सरळ सुनेलाच घेऊन आली. सुनेचं नाव गंगव्वा, तिचंही पोर अजून अंगावर पीत होतं. काळीसावळी, रुंद खांद्यांची, लाजरी. अव्वानं आमचं बाळ उचललं, तिच्या मांडीवर दिलं आणि स्वतः दाराकडं पाठ करून उभी राहिली. खोलीत एकदम शांतता झाली. मग घुटुक घुटुक.

त्या दिवसापासून गंगव्वा दिवसातून बरेचदा मागच्या दारानं यायची. मागच्या दारानं, कारण बाबांना सांगितलेलं नव्हतं. बाबा गावातल्या मराठी मंडळींत पुढं होते. संध्याकाळी आमच्या ओसरीवर बैठका बसायच्या, ठराव व्हायचे, ‘एक इंचही देणार नाही’ असं एक काका माझ्या पाटीवर मूठ आपटून म्हणायचे. असल्या घरातलं बाळ कानडी दुधावर वाढतंय हे बाबांना कळलं असतं तर ते काय म्हणाले असते, मला आजही सांगता येत नाही. कदाचित नुसतंच चष्मा पुसत बसले असते. पण आईनं ते बघायचं धाडस केलं नाही.

आणि इथं, मंडळी, माझा तो तीक्ष्ण कान आला.

दुपारी आईला झोप लागावी म्हणून मला अव्वाकडं बसायला पाठवत. मी दारात गेले की अव्वा घोंगडीवर हात थोपटून म्हणायची, "बा, कुंद्रु." ये, बस. ते हातामुळं कळायचं. मी रिबिनी सावरून बसायचे. मग चुलीपुढून ती माझ्याकडं वळायची, छान हसायची, आणि म्हणायची, "ऊटा आता?"

ऊठ आता!

मी उठायचे. एवढी मानी मुलगी, हेडमास्तरांची, उठून सरळ उंबऱ्यावर जाऊन उभी. अव्वा बाहेर डोकवायची, पुन्हा हात थोपटायची, "कुंद्रु, कुंद्रु." मी पुन्हा बसायचे. जरा वेळानं गंगव्वा हात पुसत यायची आणि तीही, तितकंच गोड हसत, "ऊटा आता?" मी पुन्हा उभी. मला वाटलं, ही ह्यांच्यातली काहीतरी कानडी रीत असणार. आधी बसवायचं, मग उठवायचं. चुलीवर वांग्याची भाजी रटरटत असायची, शेंगदाण्याची चटणी कुटलेली, शिंक्यातली रोटी करकरतेय, आणि मी पोटात कावळे घेऊन त्यांच्या अंगणात, पाठ ताठ करून उभी. तिकडं अव्वाला वाटत असणार, ही मराठी माणसं भल्या सकाळीच जेवतात.

भूक एकवेळ सोसेल, अपमान सोसेना. एक दिवस मी घरी येऊन आईच्या अंथरुणाशी जे काही नाटक केलं त्याला तोड नाही. रडले, पाय आपटले, रिबीन सोडून फेकली. "ती म्हातारी मला रोज हाकलते! बसले की ‘ऊठ आता’ म्हणते. ती सूनसुद्धा. आणि वर हसतात माझ्याकडं बघून!" आई तापात होती. तिनं मला दोनदा विचारलं, "असंच म्हणाल्या? नक्की?" आणि ज्या मुलीला कविता एकदाच ऐकून पाठ व्हायची ती म्हणाली, "माझ्या कानानं ऐकलं."

आईनं भिंतीकडं तोंड केलं. ज्यांचे उपकार घ्यावेत ते लेकराला उठवून लावतात, हे तिला त्या तापात फार लागलं. तिन्हीसांजेला गंगव्वा मागच्या दारानं आली तेव्हा आईनं तिला येणारा एकुलता एक कानडी शब्द काढला. "ब्याड." नको. दोन्ही हात जोडले, आणि पुन्हा, "ब्याड."

गंगव्वा उंबऱ्यात उभी होती ती मला दिसतेय. पदर छातीशी गच्च धरलेला. तिला काय चुकलं ते कळेना. आणि विनूचं रडणं सुरू झालं होतं, तर त्या आवाजानं तिचा पदर ओला होत चालला होता. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नव्हता. मला वाटलं, बाईनं पाणी सांडून घेतलं. ती गेली.

मग गाईचं दूध, साखरेचं पाणी, पुन्हा गाईचं दूध. रात्र, दिवस. विनूचं रडणं आधी मोठं झालं आणि मग बारीक. ते बारीक झालं तेव्हा मला बरं वाटलं होतं, सांगायला लाज वाटते. म्हटलं, बरा होतोय. आई मात्र ताप विसरून उठून बसली. बाबा डॉक्टर आणायला तालुक्याला गेले.

बूबू आली ती बारशाच्या बांगड्या भरायला. टोपली उतरवताउतरवता थांबली, आतला आवाज ऐकला, आणि मी पायरीवर बसले होते तर माझ्यापुढं उकिडवी बसून म्हणाली, "क्या गे छोकरी, बच्चा ऐसा क्यूं रोता? गंगव्वा आती नै क्या?"

गल्लीतल्या बायकांना ठाऊक होतं तर! फक्त पुरुषांना नव्हतं. मी नाक उडवून माझी कैफियत मांडली. बसले की उठवतात, आम्हाला नको असल्यांचं काही.

"उठाते? कैसा उठाते?"

"म्हणतात, ऊठ आता."

बूबूनं पान गालात सरकवलं. "बोल, वैसाच बोल. जैसा वो बोलते वैसा."

माझी पाठांतराची कीर्ती होतीच. मी अव्वाचा आवाज, मान, हसणं, सगळं हुबेहूब करून म्हणून दाखवलं, "ऊटा आता?"

बूबू हसली. टोपलीतल्या सगळ्या बांगड्या किणकिणल्या इतकी हसली. "अरी पगली! खाना हुआ क्या पूछती वो! ऊटा बोले तो खाना! जेवलीस का पुसती गे, जेवलीस का!" आणि मग मध्येच तिचं हसू तुटलं. आतला आवाज तिनं पुन्हा ऐकला असणार. पायरीवर टोपली तशीच टाकून ती भिंतीशी धावली, आणि टाचा उंचावून अशी हाक मारली की चिंचेवरचे कावळे उडाले. "अव्वा! ए अव्वा! गंगव्वाकू भेज!"

गंगव्वा पिठाच्या हातांनी आली. मागच्या दारानं नाही, पुढच्या. कोपरापर्यंत जोंधळ्याचं पीठ, कडेवर तिचं स्वतःचं पोर, ते तिनं वाटेत बूबूकडं दिलं. विनूला उचललं तेव्हा त्याच्या टाळूवर तिच्या बोटांचे पांढरे ठसे उमटले. त्याला आधी ओढताच येईना. आई तिच्या शेजारी बसून दोन्ही हातांनी जमीन धरून होती. मग एक घुटका. मग थांबला. मग दुसरा.

बूबूनं आईला दोन वाक्यांत सगळं सांगितलं. आई हसायला लागली आणि हसताहसता जी रडायला लागली ती थांबेना. अव्वानं माझा कान धरला, पण पिळला नाही. नुसता धरून मला तिच्या घरी नेलं, घोंगडीवर बसवलं, आणि मी किती रोट्या खाल्ल्या ते कुणी मोजलं नाही. "हुच्ची," ती म्हणत होती, म्हणजे वेडी, आणि वाढत होती. बाबा डॉक्टर घेऊन आले तर बाळ झोपलेलं. डॉक्टर म्हणाले, याला काही झालेलं नाही. बाबांनी त्यांचे आभार मानले.

गंगव्वा पुढं विनूला दात येईपर्यंत येत राहिली. पुन्हा मागच्याच दारानं. मी दाराशी पहारा करायचे, बाबांची छत्री कोपऱ्यावर दिसली की खोकायचे. इतकं खोकले की बाबांनी मला कफाचं औषध सुरू केलं.

पुढं एका वर्षी शाळेची पाटी बदलली. ओसरीवरच्या बैठकींचे आवाज चढले. बाबांची बदली झाली, का त्यांनी मागून घेतली, कोण जाणे. ट्रकमध्ये सामान चढवताना पुढच्या दारात मंडळी जमली होती, आणि मागच्या दारात गंगव्वा. विनू धावत तिच्याकडं गेला, तिच्या गुडघ्यांत तोंड खुपसलं. बाबा म्हणाले, "बघा, पोराला माणसांचा लळा कसा लागतो!" आईनं त्या रात्री, नव्या गावात, देवापुढं माझा हात धरून शपथ घातली.

लग्न होऊन बेंगळूरला आल्यावर, कितीतरी वर्षांनी, मी एकदाच त्या गावी गेले, ह्यांच्याबरोबर. अव्वाच्या घराच्या जागी मोबाइलचं दुकान. "गंगव्वा?" दुकानदार म्हणाला. "याव गंगव्वा?" कुठली गंगव्वा? मला तिचं आडनाव माहीत नव्हतं. तिच्या पोराचं नावही आठवेना. सगळी गल्ली हिंडले. भाकरी थापल्याचा आवाज कुठूनच आला नाही. दुपार झाली होती, कदाचित म्हणून असेल.

आणि ज्याच्यासाठी एवढं झालं ते आमचं बाळ मोठं होऊन काय निघालं? सीमाप्रश्नातला वाघ! कॉलेजात असताना डांबराचा डबा घेऊन कानडी पाट्या रंगवायला जायचा. माझं लग्न बेंगळूरला ठरलं तेव्हा ‘कानड्यांच्या राजधानीत बहीण दिली’ म्हणून जेवला नाही. अजूनही माझ्याकडं आला की रिक्षावाल्याशी हिंदीच बोलणार, आणि मी दुकानात ‘सरी, सरी’, म्हणजे बरं बरं, म्हटलं की कपाळाला आठी. मी गप्प. शपथ होती, आणि खरं सांगायचं तर भीती होती. वहिनी गेल्यापासून तो एकटा. माझेही हे गेले. आम्हा दोघांना लहानपणीच्या नावानं हाक मारणारं आता दुसरं कुणी उरलेलं नाही. हे ऐकून तो रागावून निघून गेला असता तर मला ‘आक्का’ कोण म्हणणार होतं?

ऑपरेशन झालं, डोळ्यावर काळा चष्मा आला. पाट्या दिसत नाहीत म्हणून स्वारी खुशीत होती. चौथ्या दिवशी दुपारी आन्ना खाली आली, बरणी घेऊन. माझ्याकडची साखर संपली होती. विनूनं चष्म्याआडून अक्षरं चाचपली, काय लिहिलंय विचारलं, आणि आन्नानं त्याला ती सगळी गोष्ट इंग्रजीत सांगितली. शेजारणीची, बटणवाल्याची. विनू मन लावून ऐकत होता. तो वाईट नाही हो. बटणवाल्याशी आल्यावर त्यानं चष्मा काढून डोळे पुसले, डॉक्टरनं नको म्हटलं असताना. पण मग चहा ढवळताढवळता सवयीनं बोलून गेला, "शेवटी काय आक्का, ज्याचं रक्त त्याचं रक्त. आपण आईच्या दुधाशी बेइमान झालो नाही, एवढं मला मरताना म्हणता येईल."

शपथ मोडताना वाटतं काहीतरी मोठा आवाज होईल. काही होत नाही. मी म्हटलं, "विनू, कुठल्या आईच्या?"

आणि सांगितलं. माझ्या रिबिनीपासून सगळं. ऊटा आता, ब्याड, ओला पदर, पिठाचे हात, गंगव्वाच्या कडेवरचं तिचं स्वतःचं पोर, त्याच्या टाळूवरचे पांढरे ठसे, माझा खोकला. आन्नाला मराठी कळत नव्हतं, पण ती उठली नाही. विनूनं कप खाली ठेवला. तो खोकल्यालाही हसला नाही. काळ्या चष्म्यामुळं मला त्याचे डोळे दिसत नव्हते. मला वाटलं, आता हा उठेल, पिशवी भरेल, आणि संध्याकाळची कोल्हापूरची गाडी धरेल. मी त्याच्या हाताला हात लावायला गेले तर त्यानं तो काढून घेतला. चष्मा काढला, मांडीवर ठेवला. पुन्हा घातला.

मग लहान असताना रात्री अंधारात विचारायचा ना, त्या आवाजात म्हणाला:

"आक्का, पण मग त्या दुसऱ्याला पुरलं का गं?"